९ आठवड्यांचं पिल्लू, चौथा मजला आणि अर्धवट लसी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅब्रेडॉर, नर, ९ आठवडे पूर्ण. घरी येऊन सहा दिवस झाले. पुण्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट. ब्रुनो हॉलभर शू करतो, सात वर्षांच्या मुलीच्या पायाला आणि फ्रॉकला लोंबकळतो, रात्री गॅलरीत ठेवलं की पहाटेपर्यंत रडतो. पहिली लस ४५व्या दिवशी झालीये, आणि डॉक्टरांनी ‘लसी पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नाही’ असं सांगितल्यामुळे तो अजून दाराबाहेर पडलेला नाही. दोन आठवड्यांनी तुमची दोघांची ऑफिसं सुरू होणार, मग दिवसभर आजी आणि पिल्लूच घरात.

तुम्ही विचारलेले तिन्ही प्रश्न या वयाचेच आहेत आणि तिन्ही सुटतील. मला काळजी वाटते ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याची: ‘अजून दाराबाहेर पडलेला नाही.’ त्याबद्दल शेवटी नीट लिहितो, कारण ते एकच काम असं आहे की आज राहिलं तर सहा महिन्यांनी भरून काढता येत नाही. आधी तुमचे प्रश्न.

शी-शू

९ आठवड्यांच्या पिल्लाला शू धरून ठेवताच येत नाही. झोपेत दोन-तीन तास निघतात, जागेपणी तासभरसुद्धा नाही. त्यामुळे ‘मुद्दाम करतो’, ‘गालिचाच बरोबर सापडतो’ हे मनातून काढून टाका. त्याला चुका न करण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि ती द्यायचं काम सध्या तुमचं आहे.

चार वेळा ठरलेल्या: झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर १० ते २० मिनिटांत, खेळता खेळता अचानक थांबून नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागला की, आणि यातलं काहीच नसेल तर जागेपणी दर ४५ मिनिटांनी. त्याला चालवत नेऊ नका, वाटेतच होईल. उचला, ठरलेल्या जागी ठेवा, पट्टा हातात ठेवून तीन ते पाच मिनिटं गप्प उभे राहा. शू संपली की त्याच क्षणी, तिथल्या तिथे खाऊ द्या. इथे बहुतेक घरांत गडबड होते. पिल्लू शू करतं, मग सगळे स्वयंपाकघरात जातात आणि तिथे डबा उघडून खाऊ देतात. त्याच्या हिशेबात ते बक्षीस स्वयंपाकघरात पळत आल्याचं असतं. खाऊ तुमच्या खिशात हवा आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या तोंडात.

पाच मिनिटांत काही झालं नाही तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. पट्ट्याने स्वतःजवळ ठेवा आणि दहा मिनिटांनी परत न्या. ‘बाहेर केली नाही आणि आत आल्या आल्या केली’ ही तक्रार याच दहा मिनिटांतली असते.

जागेबद्दल. हॉलभर वर्तमानपत्रं पसरणं बंद करा. या वयात पिल्लाच्या पायाखाली जे लागतं त्यालाच ते शी-शूची जागा मानायला लागतं. आज कागदाची सवय लावलीत तर पुढे सोफ्यासमोर पडलेला पेपर आणि मुलीची वही यांत त्याला फरक कळणार नाही. पायपुसणी आणि छोटे गालिचेही महिनाभर गुंडाळून ठेवा. मऊ आणि शोषून घेणारं काहीही त्याला सारखंच. त्याऐवजी गॅलरीत साधारण दोन बाय तीन फुटांचा, कडा असलेला प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा आणि त्यात धुता येणारं कृत्रिम गवत घाला. रोज धुवा, पण शू लागलेला कागदाचा एक छोटा तुकडा खाली राहू द्या; वासाने जागा ओळखता येते. पुढे तो खाली जायला लागला की गवताचा तुकडा कापून खालच्या ठरलेल्या जागी ठेवायचा. बदल सोपा जातो.

नाक घासणं आजच थांबवा. तुम्ही दोनदा केलंय म्हणता; तिसऱ्यांदा नको. त्यातून ‘इथे शू करू नये’ हे तो शिकत नाही. ‘या माणसासमोर शू केली की वाईट होतं’ एवढंच शिकतो. मग तो सोफ्यामागे जाऊन करतो, आणि पुढे खाली नेल्यावर, पट्टा तुमच्या हातात असताना, तुमच्यासमोर करायलाच तयार होत नाही. अर्धा तास फिरवून आणल्यावर घरात शू करणारे कुत्रे बऱ्याचदा असेच तयार झालेले असतात. करताना दिसला तर न ओरडता उचलून ट्रेवर न्या. आधीच झालेलं दिसलं तर गुपचूप पुसा.

आता पुसणं. फिनेलने आपल्या नाकाचं समाधान होतं, त्याच्या नाकाचं होत नाही. शूचा वास खाली तसाच राहतो. शिवाय फिनेलच्या फरशीवरून चालून तो पंजे चाटणार, आणि ते पोटात जाणं चांगलं नाही. आधी टिश्यूने दाबून टिपून घ्या, साध्या पाण्याने पुसा, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर ओतून १०–१५ मिनिटं राहू द्या. लगेच पुसलंत तर त्याचा उपयोग नाही. तात्पुरतं निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर चालतं, पण मार्बल, कोटा किंवा शहाबादी फरशीवर नको. आम्लाने दगडाला डाग पडतात.

फ्रीजवर एक कागद लावा: किती वाजता शू, किती वाजता शी, किती वाजता जेवण. आजींनाही लिहायला सांगा. चार दिवसांत त्याचं वेळापत्रक तुम्हाला दिसायला लागेल. पूर्ण भरवसा ठेवता येण्याचं वय सहा महिन्यांच्या आसपास असतं. काहींना जास्त लागतं. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. दर १०–१५ मिनिटांनी थेंब थेंब करत असेल, कुंथत असेल किंवा शू लालसर दिसली तर तो शिकवण्याचा प्रश्न राहत नाही. लघवी तपासून घ्या.

चावणं

या वयात त्याच्या तोंडात सुईसारखे २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवणार आणि तोंड चालू राहणार. भावंडांबरोबरही तो असाच चावून खेळत होता. यात राग नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘संध्याकाळी सात ते नऊ अंगात आल्यासारखं करतो.’ हे वर्णन मला फार उपयोगी वाटलं. या वयाच्या पिल्लाला दिवसाला १८ तास, कधी त्याहून जास्त झोप लागते. तुमच्या घरी संध्याकाळी मुलगी क्लासहून येते, तुम्ही मोकळे होता, शेजारची मुलं पिल्लू बघायला येतात. त्याची झोप होत नाही. झोप न झालेलं लहान मूल जसं किरकिर करतं, तसं झोप न झालेलं पिल्लू चावतं. म्हणून चावण्यावरचा पहिला उपाय झोपेचा: साधारण तासभर जागं, मग कोपऱ्यातल्या बंद जागेत किंवा क्रेटमध्ये (कुत्र्यांसाठीच्या दाराच्या पिंजऱ्यात) दीड-दोन तास विश्रांती. संध्याकाळी साडेसहाला सक्तीची डुलकी ठेवा आणि चार दिवस फरक बघा.

जागेपणी चावतो तेव्हा हात झटकन मागे ओढू नका. पळणारी वस्तू पकडायची हा त्याचा स्वभावच आहे. हात सैल सोडा, आवाज न करता उठा, आणि दाराच्या किंवा फळीच्या पलीकडे १५–२० सेकंद जा. परत आल्यावर हातात खेळणं हवं. खेळणं लांब घ्या, किमान दोन फुटांचं. जुन्या सुती टॉवेलला तीन गाठी मारल्या तरी उत्तम. त्याचे दात आणि तुमची बोटं यांच्यात अंतर राहतं. ओला सुती कपडा पिळून, गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवलात तर शिवशिवणाऱ्या हिरड्यांना बरं वाटतं. तो चघळताना मात्र समोर बसा. जुनी चप्पल देऊ नका, जुनी आणि नवी त्याला कळत नाही. शिजवलेल्या मटणाची आणि कोंबडीची हाडं तर अजिबात नकोत. त्यांचे कपचे निघून आतडं फाटू शकतं.

तोंड दाबून धरणं, नाकावर टपली मारणं यांचे दोनच परिणाम होतात. धीट पिल्लू याला जोरदार खेळ समजतं. भित्रं पिल्लू हात जवळ आला की आधीच चावायला शिकतं.

मुलीला एकच गोष्ट शिकवा: झाड व्हायचं. हात छातीशी घडी, पाय जमिनीत रोवलेले, नजर वर, आवाज नाही. पळणं आणि किंचाळणं हेच त्याला हवं असतं. ते मिळालं नाही की तो सोडतो. सात वर्षांच्या मुलीला हे जमतं, पण मोठं माणूस त्या खोलीत असलंच पाहिजे.

आणि एक गोष्ट अतिशय गांभीर्याने घ्या. दात लागून ओरखडा उठला किंवा रक्त आलं तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, म्हणजे ब्रुनोला ती अजून मिळालेली नाही. तुमच्याकडे येण्याआधी तो आणि त्याची आई कुठल्या कुत्र्यांच्या संपर्कात होते हे तुम्ही खात्रीने सांगू शकत नाही. लस घ्यायची का आणि किती डोस, हे डॉक्टर ठरवतील. ‘घरचंच पिल्लू आहे’ म्हणून हळद लावून सोडून देऊ नका. तुमच्या प्रश्नात मुलीच्या पोटरीवर ‘बारीक लाल रेघा’ असा उल्लेख आहे. त्या आजच दाखवा.

रात्र

सहा दिवसांपूर्वीपर्यंत तो भावंडांच्या ढिगाऱ्यात झोपत होता. आता अंधारात, गॅलरीत, एकटा. रडणारच. ‘रडू दे, सवय होईल’ या सल्ल्याने काही पिल्लं गप्प होतात खरी, पण थकून. एकटेपणाची भीती मात्र पक्की होते, आणि ऑफिस सुरू झाल्यावर ती दिवसाढवळ्या बाहेर येते.

त्याची पेटी किंवा क्रेट तुमच्या पलंगाला लावून ठेवा, हात खाली सोडला की त्याला लागेल इतकी जवळ. शेवटचं जेवण साडेसातला. पाणी तोडू नका. रात्री अकराला ट्रेवर नेऊन आणा. मग दीडचा आणि साडेचारचा गजर लावा आणि तो रडण्याआधी उचला. रडल्यावर उचललंत तर रडण्याचा उपयोग होतो हेही तो शिकेल. मोठा दिवा नाही, बोलणं नाही, खेळ नाही. शू, खाऊ, परत पेटीत. तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ढकला. दोनेक आठवड्यांनी पेटी रोज फूटभर सरकवत जिथे हवी तिथे न्या.

एकटं राहणंही आतापासूनच, पण सेकंदांनी सुरू करा. तो खेळणं चघळत असताना खोलीबाहेर जा, पाच सेकंदांत परत या. मग अर्धं मिनिट, मग दोन मिनिटं. दिवसात आठ-दहा वेळा. आजी घरात असतील हे चांगलंच, पण त्या दुपारी झोपल्या, देवळात गेल्या तरी त्याला चाललं पाहिजे.

खाणं

थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही चांगलं पपी फूड आणलं आहे. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं असेल तर उत्तम. पिशवीवरच्या तक्त्यातलं दिवसाचं प्रमाण चार वेळांत विभागा. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन. ब्रीडरने वेगळं काही देत असल्याचं सांगितलं असेल तर सात दिवसांत हळूहळू बदला.

ब्रीडरने दिलेलं कॅल्शियमचं सिरप मात्र बंद करण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. संपूर्ण आहार म्हणून बनवलेल्या खाण्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही. ते शरीरात जातं आणि मोठ्या जातींमध्ये हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडवतं. लॅब्रेडॉरला खुब्याचा त्रास तसाही जास्त. गुळगुळीत टाइल्सवर तो घसरतो त्या वाटेवर योगा मॅट किंवा रबरी चटई टाका, आणि सध्या जिने उतरवू नका.

आजींच्या दूध-पोळीबद्दल: दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात, आणि पोळीत वाढीला लागणारी प्रथिनं पुरेशी नसतात. पण आजींना नुसतं ‘देऊ नका’ म्हटलंत तर तुमच्या पाठीमागे दिलं जाईल, आणि त्यांची मायाही खोटी नाही. त्याच्या रोजच्या मापातलं मूठभर खाणं एका डब्यात काढून त्यांच्या हातात द्या. हाक मारली की आला, एक दाणा. खाली बसला, एक दाणा. ट्रेवर शू केली, दोन दाणे. आजी आठवड्यात घरातल्या सगळ्यात चांगल्या ट्रेनर होतील. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगम यांची यादी स्वयंपाकघरात चिकटवा. शिजलेला कांदाही तितकाच वाईट, म्हणून रस्सा-पोळी नको. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कधीही नाही.

न विचारलेला प्रश्न

पिल्लाच्या मेंदूत साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. या काळात जे शांतपणे, चांगल्या अनुभवासकट भेटतं ते पुढे आयुष्यभर ‘ओळखीचं’ राहतं. जे भेटत नाही ते पुढे संशयास्पद ठरतं. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत यावर काम झालं. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या प्रयोगात, चौदा आठवड्यांपर्यंत माणसांपासून दूर वाढवलेली पिल्लं नंतर भरपूर प्रयत्न करूनही माणसांना सरावली नाहीत. तुमचा ब्रुनो माणसांत आहे, त्याची गत तशी होणार नाही. पण रिक्षा, हेल्मेट, ढोल, लिफ्ट, इतर कुत्री हे सगळं त्याने अजून पाहिलेलंच नाही, आणि त्याच्याकडे जेमतेम पाच आठवडे आहेत. दीड वर्षाचा, तीस किलोचा, प्रत्येक अनोळखी माणसावर भुंकणारा आणि लिफ्टमध्ये शिरायला नकार देणारा कुत्रा ही तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा मागे बहुतेक ‘चार महिने घरातच ठेवला होता’ हे निघतं.

तुमचे डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. पार्व्हो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि पिल्लांना झपाट्याने मारतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर ती लसीलाच निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत राहतात, आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर व्हायला हवा. तुमचं वेळापत्रक त्याआधी संपत असेल तर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचा समावेश लसीत आहे का, तेही विचारा.

म्हणजे रोगाची भीती खरी आणि खिडकी बंद होणंही खरं. दोन्ही एकत्र सांभाळता येतं. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ अॅनिमल बिहेविअर ही पशुवैद्यांची संस्थाही हेच सांगते: पहिली लस होऊन किमान सात दिवस झाले आणि जंताचं औषध दिलेलं असलं की, स्वच्छ जागी पिल्लाचं सामाजीकरण, म्हणजे नव्या माणसांशी, कुत्र्यांशी, आवाजांशी ओळख, सुरू करावं, लसी संपायची वाट पाहू नये. तुमच्या डॉक्टरांना ‘खाली सोडू का?’ असं विचारू नका. ‘पंजे जमिनीला न लावता कडेवर घेऊन नेलं तर चालेल का?’ असं विचारा. उत्तर बहुधा वेगळं येईल. तुमच्या भागात पार्व्होची लागण चालू आहे का हे त्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा.

नेमकं काय टाळायचं: रस्त्याकडेचं गवत आणि माती, सोसायटीतली कुत्र्यांची नेहमीची शूची जागा, दवाखान्याची फरशी (तिथे मांडीवर किंवा टेबलावर), लसी न झालेले कुत्रे. विषाणू चपलेला चिकटून घरातही येतो, म्हणून चपला दाराबाहेर. काय करायचं: रोज दोनदा, पाच ते दहा मिनिटं, पुढे अडकवायच्या पिशवीत किंवा कडेवर घेऊन बाहेर. लिफ्ट. गेटवरचा वॉचमन. दुधाचं दुकान. शाळा सुटतानाचा गलका, जरा लांबून. गाडीत बसून सिग्नलवरचे हॉर्न. लसी पूर्ण झालेला, शांत कुत्रा ज्यांच्याकडे आहे अशा मित्राचं घर. छत्री, रेनकोट, काठी घेतलेले आजोबा, दाढीवाले, हेल्मेट घातलेले. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, बेल. मोबाईलवर ढोल-ताशा आणि फटाके इतक्या कमी आवाजात की त्याचा फक्त कान वळेल, आणि कान वळला की दाणा. आवाज आठवडाभरात हळूहळू वाढवा. गणपती-दिवाळीला त्याचं फळ दिसेल. रोज एकदा पंजे, कान, ओठ हाताळून दाणा द्या, म्हणजे नखं कापताना कुस्ती होणार नाही.

हे सगळं करताना नजर त्याच्यावर हवी. दाणा नेहमीसारखा खात असेल तर अंतर बरोबर आहे. दाणा नाकारला, शेपूट आत गेली, ओठ चाटतोय, जांभया देतोय, मान फिरवून घेतोय, यातलं काहीही दिसलं की चार पावलं मागे व्हा. जवळ नेऊन ‘काही नाही करत, बघ’ म्हणणं उलटं पडतं. अनोळखी लोकांना त्याला उचलू देऊ नका. त्याने मान पुढे केली तर हनुवटीखाली दोन बोटं, बस.

अचानक मलूल झाला, खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या किंवा घाण वासाचे, रक्ताचे जुलाब झाले तर सकाळची वाट पाहू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. या वयात पाणी कमी होऊनच पिल्लू जातं.

आज मुलीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलात, आणि पशुवैद्यांना फोन करून होकार घेतलात, की संध्याकाळच्या डुलकीनंतर ट्रेवर शू करवून त्याला पिशवीत घ्या आणि लिफ्टने खाली जा. गेटजवळच्या बाकावर बसा. पहिली रिक्षा गेली की एक दाणा, वॉचमनने शिट्टी वाजवली की एक दाणा. सात मिनिटांनी वर या आणि फ्रीजवरच्या कागदाच्या दुसऱ्या रकान्यात लिहा: आज त्याने पहिल्यांदा काय पाहिलं.